गराज सेलमध्ये मियाता नावाची जुनी रोड सायकल दिसली आहे. ती कोणत्या सालची, हे कसं ओळखायचं?

नाव आणि रंगावर जाऊ नका, स्टिकर कोणीही चिकटवतो. सायकल उलटी करा आणि क्रँकची (पेडल जोडलेल्या दांड्याची) आतली बाजू फडक्याने पुसा. पार्ट शिमानो या जपानी कंपनीचे असतील तर तिथे दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली सापडतील. पहिलं वर्षाचं: ए म्हणजे 1976, बी म्हणजे 1977, असं पुढे. दुसरं महिन्याचं, ए म्हणजे जानेवारी. 'एचसी' असेल तर मार्च 1983. हीच अक्षरं डिरेल्युरवरही, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागावरही, पाहा. दोन्हीकडे साल जवळपास सारखं आलं तर पार्ट बहुधा मूळचेच आहेत. फार तफावत असेल तर मधे कोणीतरी बदलाबदली केलीय.

फ्रेमवर सीट ट्यूबच्या (सीटखालच्या उभ्या नळीच्या) स्टिकरवर क्रोमोली, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेलं स्टील, लिहिलंय का बघा. इतर जपानी सायकलींवर टांगे किंवा इशिवाता या नळ्या बनवणाऱ्या कंपन्यांची नावं दिसतील, मियाता मात्र नळ्या स्वतःच बनवायची.

'कंडिशन एकदम मस्त' यावर विश्वास ठेवू नका, सीटपोस्ट (सीटचा दांडा) आणि हँडलचा स्टेम (हँडल फ्रेमला जोडणारा दांडा) हलवून बघा. वर्षानुवर्षं न हललेलं अ‍ॅल्युमिनियम स्टीलमध्ये असं जाम बसतं की सोडवताना घाम फुटतो. हे दोन्ही सुटत असतील तर गंजलेली चेन, फाटके टायर हा किरकोळ खर्च. एक मात्र विचाराच: चाक 27 इंची की 700सी? दिसायला सारखीच, पण टायर एकमेकांना बसत नाहीत.