अमॉक्सिसिलिन आणि अझिथ्रोमायसिन, दोन्ही अँटिबायोटिकच ना? मग फरक काय?

दोन्ही जिवाणूंवरच चालतात, पण तऱ्हा वेगळी. (साधी सर्दी विषाणूंची, तिथे दोन्ही निरुपयोगी, मेडिकलवाला काहीही म्हणो.)

अमॉक्सिसिलिन पेनिसिलिनच्या घराण्यातलं. जिवाणूभोवती चिवट भिंत असते. वाढताना तो तिची सतत डागडुजी करतो आणि हे औषध नेमकं तेच काम बंद पाडतं. भिंत कच्ची राहते, पाणी आत शिरतं, जिवाणू फुटतो. आपल्या पेशींना अशी भिंतच नसते, म्हणून आपण सुखरूप.

अझिथ्रोमायसिन मॅक्रोलाइड गटातलं. ते भिंतीच्या वाटेला जात नाही. आत शिरून प्रथिनं बनवणारे रायबोसोम अडवतं. त्यामुळे मायकोप्लाझ्माच्या न्यूमोनियात, जिथे जिवाणूला मुळात भिंतच नाही, तिथे अमॉक्सिसिलिन फुकट जातं आणि हे कामी येतं. शिवाय ते शरीरात बरेच दिवस रेंगाळतं, म्हणून दिवसाला एक गोळी आणि ३ ते ५ दिवसांचा कोर्स बहुतेकदा पुरतो. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्यांनाही डॉक्टर बऱ्याचदा हेच देतात.

आणि पावसाळ्यात कोकणात, मुंबईत लेप्टोसाठी (लेप्टोस्पायरोसिस, हाही जिवाणूंचाच आजार) देतात ती डॉक्सिसायक्लिन? तीही रायबोसोमच अडवते, फक्त त्याचा दुसरा भाग.