देवाला शोधायचे, की देवाला सापडायचे?

प्रश्न : बाळपणीच बाप्तिस्मा झाला, रविवारची मिस्सा (चर्चमधली उपासना) सहसा चुकत नाही. गेली दोन वर्षे रोज पहाटे तासभर प्रार्थनेला बसतो, पण हाती काही लागत नाही. प्रवचनात ऐकतो, देवच माणसाला शोधत असतो. मग मी शोधायचे कशाला? आणि तो शोधतो आहे, तर मी सापडत कसा नाही?
— एक वाचक, वसई

उत्तर : बायबलमधल्या लूककृत शुभवर्तमानाच्या १९व्या अध्यायातली पहिली १० वचने समोर घ्या. जक्कय यरीहोचा मुख्य जकातदार. पैसेवाला, पण ठेंगणा. गर्दीत येशू दिसेना, म्हणून पुढे धावत जाऊन उंबराच्या झाडावर चढला. येशू तिथे आला, वर पाहिले आणि नाव घेऊन म्हणाला, लवकर खाली ये, आज मला तुझ्या घरी उतरायचे आहे. तिसऱ्या वचनात जक्कय येशूला पाहायला धडपडतो. दहाव्यात मनुष्याचा पुत्र, म्हणजे येशूच, हरवलेल्याला शोधायला आलेला असतो. मूळ ग्रीकमध्ये दोन्हीकडे क्रियापद एकच आहे : 'झेतेओ', शोधणे. भाषांतरात ही जोडी सहसा हरवते. जक्कयला फक्त पाहायचे होते. घरी येण्याचे येशूने ठरवले.

देवाकडे वळावेसे वाटणे हीसुद्धा कृपाच, असे फ्रान्समधल्या ऑरेंजच्या धर्मसभेने इ. स. ५२९ मध्ये स्पष्ट सांगितले. तुम्ही दोन वर्षे पहाटे उठता आहात, तेव्हा शोध तुमच्यापासून सुरू झालेला नाही. तरीही झाडावर जक्कयलाच चढावे लागले आणि हाक आल्यावर उतरावेही लागले.

आता न सापडण्याबद्दल. लूकच्या १५व्या अध्यायात येशूने सांगितलेल्या दृष्टांतांत मेंढरू रानात हरवते, नाणे मात्र घरातच. बाईकडे १० नाणी होती. एकाची किंमत साधारण मजुराच्या एका दिवसाच्या रोजाएवढी. ती दिवा लावते, घर झाडते आणि सापडेपर्यंत शोधत राहते. लहानपणापासून देवळात वाढलेल्यांनी हा दृष्टांत स्वतःसाठी वाचावा. त्याच अध्यायातल्या उधळ्या पुत्राच्या दृष्टांतातला थोरला मुलगाही घर न सोडताच बापापासून दुरावला होता आणि बाप त्याची समजूत घालायला बाहेर आला. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडमध्ये झाला. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, पण ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी पुढे स्वतःच लिहून ठेवले. तुमची अवस्था जगावेगळी नाही. घर झाडले जात असताना धूळ उडणारच, हे मात्र धरून चाला.

प्रश्न : प्रार्थनेच्या वेळात नेमके करायचे काय? माझे मन दहा मिनिटांत भरकटते.

उत्तर : तासाऐवजी २० मिनिटांनी सुरुवात करा. बायबलमध्ये देवाने माणसाला विचारलेला पहिला प्रश्न आहे, 'तू कोठे आहेस?' पहिली दोन मिनिटे त्याचेच उत्तर मोठ्याने द्या आणि खरे द्या : हप्त्याची काळजी आहे, भावाशी बोलणे बंद आहे, झोप अपुरी झाली आहे. तेव्हा पहिला माणूस आदाम झाडाआड लपला होता. आपण बहुतेक वेळा पाठ केलेल्या प्रार्थनेआड लपतो.

मग लूकमधली रोज नवी १० वचने, तोंडाने, सावकाश, दोनदा. जिथे मन अडेल तिथे थांबा. पुढची वचने त्या दिवशी राहिली तरी चालतील. उरलेल्या वेळात त्या शब्दाविषयी प्रभूशी साधेपणाने बोला आणि शेवटची दोन मिनिटे गप्प बसा. लूकमध्ये साधारण ११५० वचने आहेत, म्हणजे चार महिन्यांची शिदोरी झाली.

बिघडते कुठे? वाचन वाढते आणि थांबणे कमी होते. मोबाइलवर वाचताना मेसेज येतात, म्हणून छापील पुस्तक घ्या. सर्वांत मोठी चूक म्हणजे आज कसे वाटले यावरून प्रार्थना मोजणे. मन भरकटले की ज्या वचनावर होता तिथे परत या. २० मिनिटांत दहादा परतलात, तरी ती प्रार्थनाच.

प्रश्न : मन अगदी कोरडे पडले आहे. काही दिवस प्रार्थना बंद ठेवू का?

उत्तर : नको. कोरडेपणात आधी घेतलेला निर्णय बदलू नये, असा जेजुइट संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचा नियम आहे. उलट ठरल्या वेळेपेक्षा थोडे जास्तच बसावे, असे ते सांगतात. ते कोरडेपणाची तीन कारणे देतात : आपली हयगय, गोडी नसताना आपण किती टिकतो याची पारख, आणि गोडी ही आपली कमाई नसून देणगी आहे, हे कळावे म्हणून. पहिले कारण आधी तपासा. काही लपवलेले, कुणाशी मिटवायचे राहिलेले असेल, तर या आठवड्यातच धर्मगुरूंकडे पापनिवेदनाला जा. तसे काही नसेल, तर वेळ आणि जागा तीच ठेवा.