पदरी घे, मग पुढचं बघू

प्रिय बाळा,

प्रभूच्या नावात सलाम. तुझा मेसेज रात्रीच वाचला. फीचे पैसे मोबाईलवरच्या रमीत गेले, विद्यापीठाचा फॉर्म भरलाच नाही आणि घरी मात्र पेपर चांगले गेले म्हणून सांगत राहिलास, आता विचारतोयस की अंकल, देव मला माफ करेल का आणि केलं तरी माझं पुढं काय. हे दोन प्रश्न वेगळे आहेत रे, तू एकात एक गुंतवलेत म्हणून एवढा गुदमरतोयस.

पहिल्याचं उत्तर बायबलमध्ये योहानाच्या पहिल्या पत्रात आहे, १:९. आपण आपली पापं पदरी घेतली, म्हणजे कबूल केली, तर तो विश्वसनीय आणि न्यायी आहे, तो क्षमा करतो. आधी वर्षभर चांगलं वागून दाखव मग बघू, असं तिथं कुठंही नाही. तू रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतोस आणि प्रभुभोजनाच्या आधी उठून जातोस, ते मला दिसतं. तू स्वतःला शिक्षा करून घेतोयस, पण ती शिक्षा येशूनं वधस्तंभावर भोगलीय, तू त्यात काय भर घालणार?

मत्तय २७ वाच. येशूला पकडून देणारा यहूदा पण म्हणाला की मी पाप केलं, चांदीची तीस नाणी परतसुद्धा नेऊन दिली, पण कुणाकडं गेला तर मुख्य याजकांकडं, आणि ते म्हणाले आम्हाला काय त्याचं, तुझं तू बघ. तिथनं तो एकटाच निघून गेला. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं तीनदा येशूची ओळख नाकारली, रडला, पण योहान २१ मध्ये बघ, तो बाकीच्यांबरोबर मासे धरायला गेलेला आहे आणि किनाऱ्यावर प्रभू आहे म्हटल्यावर नाव काठाला लागायची पण वाट बघत नाही, सरळ पाण्यात उडी. म्हणून सांगतो, खोलीत एकटा बसू नकोस, आणि रात्री मनात काही वाईट आलं तर कितीही वाजू देत, मला फोन कर.

आता दुसरा प्रश्न. यात मला पेत्रापेक्षा मार्क जास्त जवळचा वाटतो, त्याच्याबद्दल आपल्याकडं कुणी फारसं बोलत नाही. पौल आणि बर्णबा या दोन प्रेषितांबरोबर सेवेला निघालेला हा पोरगा पंफुल्या प्रांतातून त्यांना सोडून यरुशलेमला परत गेला. पुढच्या वेळी बर्णबा म्हणाला त्याला घेऊ, पौल म्हणाला अजिबात नाही, आणि त्यावरून दोघांचं एवढं वाजलं की ते वेगळे झाले (प्रेषितांची कृत्ये १५). पौलाचा विश्वास उडाला होता आणि तो लगेच परत आला नाही, हे लक्षात ठेव. देवाची क्षमा आज मिळते पण माणसांचा विश्वास हळूहळू येतो. पप्पा उद्यापासून हातात पैसे देणार नाहीत, चर्चच्या युथ ग्रुपचा हिशोब पण सध्या तुझ्याकडं नको, आणि म्हणून त्यांनी तुला माफ केलं नाही असं समजू नकोस.

मार्क बर्णबाबरोबर कुप्रला, म्हणजे सायप्रस बेटावर गेला, जो घेऊन जायला तयार होता त्याच्याबरोबर गेला. आणि खूप वर्षांनी तोच पौल तुरुंगातनं आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला लिहितो की मार्कला घेऊन ये, तो मला सेवेसाठी उपयोगी आहे. मधल्या वर्षांत तो काय काय करत होता हे फारसं लिहिलेलं नाही, पण काम करत राहिला असणार, नाहीतर पौलानं बोलावलं नसतं.

तेव्हा असं कर. या रविवारच्या आत पप्पांना सांग, पूर्ण आकडा सांग, थोडा लपवून नाही. एकट्याला जमत नसेल तर मी येतो घरी, पण बोलायचं तूच. गेम डिलीट कर आणि यूपीआय काही महिने मम्मीच्या फोनवर राहू दे. कॉलेजच्या ऑफिसात जाऊन पुढच्या वर्षी परत कसं बसता येईल ते विचार. तोपर्यंत अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात माझी ओळख आहे, पॅकिंगला पोरं लागतात, पगार फार नाही. जकातदार जक्कयानं येशूला भेटल्यावर, लुबाडलेलं चौपट परत करतो म्हटलं होतं, तू दर महिन्याला थोडे थोडे घरात दे, कमी वाटले तरी दे.

पप्पांशी बोलणं झालं की मला कळव, सोमवारी सकाळी आपण कारखान्यात जाऊन येऊ. आधार कार्ड बरोबर ठेव.

तुझा,
अंकल