उसंबाराला जाण्यापूर्वी

चि. —,

अनेक उत्तम आशीर्वाद.

टांझानियात जाऊन सिंह-हत्तींच्या माळरानाऐवजी तू पूर्व उसंबारा डोंगरांतल्या अमानीच्या जंगलात आठ दिवस पक्षी पाहणार आहेस, हे वाचून आनंद झाला. मात्र सोबत पाठवलेली एकशेवीस पक्ष्यांची यादी पाहून थोडी काळजी वाटली, म्हणून हे पत्र.

नांदूर मध्यमेश्वरच्या पाण्यावर दुर्बीण फिरवली की तासाभरात पन्नास जाती सहज होतात. अमानीत तसे होत नाही. हिंदी महासागरावरून येणारे बाष्प या डोंगरांवर अडते, त्यामुळे तिथले झाड न् झाड शेवाळाने आणि वेलींनी लगडलेले असते, आणि पक्षी त्या गर्दीत तीस-चाळीस मीटर उंचीवर वावरतात. पहिल्या खेपेस मी सकाळभर पायवाटेने भराभर चाललो आणि मान अवघडण्यापलीकडे काही पदरात पडले नाही. शेवटी दमून एका पडलेल्या खोडावर बसलो. बराच वेळ शांतता होती. मग एकाएकी डोक्यावरची पाने हलू लागली आणि सूर्यपक्षी, माशीमार, ग्रीनबुल असा मिश्र थवा पाच-सात मिनिटांत किडे टिपत पुढे निघून गेला. त्यांतली निम्मी मिनिटे मी पुस्तकात चित्रे शोधण्यात घालवली. तू तसे करू नकोस. थवा असेपर्यंत डोळे वर ठेव, पुस्तक नंतर उघड.

ग्रीनबुल हे आपल्या बुलबुलांच्याच कुळातले. पण शेंडी नाही, लाल बूड नाही, सगळे मळकट हिरवे. ते दिसण्यावरून नव्हे, आवाजावरून ओळखायचे असतात, म्हणून निघण्यापूर्वी महिनाभर त्यांचे आवाज ऐकून ठेव. तरीही काही ओळखू येणार नाहीत. तिथे वहीत ‘ग्रीनबुल, जात अनिश्चित’ असे लिहिण्यात मला तरी कमीपणा वाटत नाही. अंदाजाने नाव ठोकून देण्यात वाटतो.

तुझ्या यादीत सर्वांत वर लांब चोचीचा शिंपी आहे, तो योग्यच आहे. रेजिनाल्ड मोरो अमानीच्या संशोधन केंद्रात काम करीत असताना हा पक्षी उजेडात आला आणि 1931 साली त्याला मोरोंच्याच नावावरून शास्त्रीय नाव मिळाले. जगात तो फक्त पूर्व उसंबारात आणि उत्तर मोझांबिकमधल्या न्जेसी पठारावर सापडतो. आपल्या परसातल्या शिंप्यासारखा तो समोर येणार नाही. झाड पडून जिथे उजेड शिरला आहे आणि वेलींचे जाळे माजले आहे, अशा जागी करड्या रंगाचा, शेपटी उभारलेला, अंगाच्या मानाने फारच लांब चोचीचा हा जीव क्षणभर डोकावतो. त्याला बोलावण्यासाठी मोबाइलवर ध्वनिमुद्रण लावू नकोस. इतक्या थोड्या उरलेल्या पक्ष्याला रोज नवा पाहुणा खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडायला लावतो, हे मला पटत नाही.

वाटाड्या गावातलाच घे. त्याचा ‘पोले पोले’, म्हणजे हळूहळू, हा शब्द मनावर घे. स्वाहिलीत पक्षी आणि विमान या दोहोंना ‘न्देगे’च म्हणतात, हे लक्षात ठेवलेस तर विमानतळावर गोंधळ होणार नाही. स्थानिकांच्या माहितीला कमी लेखू नकोस. याच डोंगररांगेतल्या उद्झुंग्वात 1991 साली संशोधकांना शास्त्राला अपरिचित अशा एका तित्तिराचा पहिला सुगावा लागला तो रश्श्याच्या पातेल्यातल्या पायांवरून, आणि त्याचे जवळचे नातलग आफ्रिकेत नव्हे, तर आशियात निघाले. गावकरी तो पक्षी आधीपासून रांधून खात होते.

मार्च ते मे हा तिथला मोठा पाऊस, तेवढा टाळ. वाटेत सियाफू, म्हणजे झुंडीने शिकार करणाऱ्या चावऱ्या मुंग्यांची रांग दिसली तर तिच्यात पाय देऊ नकोस, पण दूर पळूही नकोस. मुंग्यांपुढून पळणारे किडे टिपायला जमिनीवरचे लाजरे पक्षी तिथेच येतात.

माझी आठ बाय बेचाळीसची दुर्बीण घेऊन जा. जंगलातल्या अंधुक उजेडाला ती पुरते. धुक्यात तिच्या भिंगांवर वाफ धरते, म्हणून सुती रुमाल कोरडा राहील असा आतल्या खिशात ठेव.

तुझा,
काका