मालवणात राहायला येताय? आधी एक पावसाळा काढा

पुणं सोडून मालवणात यायचं ठरवलंत, फार आनंद झाला. पण घर लगेच विकत घेऊ नका. आधी भाड्याने राहा, तेही भर पावसाळ्यात. लाइट जाते, कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असल्याने ताटात सुकं बांगडं-सुंगटं (कोळंबी). एवढं मानवलं तर पुढचं जमेल.

जागा बघताना सातबारा नीट वाचा. कोकणात लहानशा तुकड्यालाही डझनभर सहहिस्सेदार असतात, त्यातले बरेच मुंबईला. सगळ्यांच्या सह्यांची खात्री झाल्याशिवाय इसार (व्यवहाराची आगाऊ रक्कम) देऊ नकाच. शेतजमिनीला शेतकरी असल्याचा पुरावा लागतो. किनाऱ्यालगत सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे निर्बंधही तपासा.

आणि गणेश चतुर्थीत वाडीतल्या भजनांना नक्की जा. माणसं तिथेच जोडली जातात.