युरीन इन्फेक्शनचा ई. कोलाय लघवीसोबत वाहून का जात नाही?

तुमचा प्रश्न असा की दर वेळी रिपोर्टमध्ये ई. कोलाय हाच जंतू येतो, मग दिवसातून इतक्यांदा लघवीला जाऊनही तो वाहून का जात नाही, आणि ऑनलाइन मिळते ती डी-मॅनोजची पावडर घ्यावी का. मी डॉक्टर नाही, मायक्रोबायोलॉजीवाली आहे, इथं नागपुरात धंतोलीच्या एका लॅबमध्ये युरीन कल्चर लावते, म्हणजे लघवीतले जंतू प्लेटवर वाढवून बघते. त्यामुळे गोळी कोणती घ्यायची ते मला विचारू नका बाप्पा, पण हा जंतू आत काय करतो ते सांगते.

ई. कोलायच्या अंगावर बारीक बारीक केसांसारख्या पिली असतात, एका जंतूवर शेकडो, आणि त्यातल्या टाइप-१ पिलीच्या पार टोकाला फिमएच नावाचं प्रोटीन असतं. आपल्या ब्लॅडरच्या आतल्या पेशींवर युरोप्लाकिन म्हणून प्रोटीन्स आहेत, त्यांना मॅनोज ही साखर जोडलेली असते. फिमएच नेमकं तेच धरतं.

आता आपल्याला वाटते की धार लागली की पकड सुटेल. होतं उलटंच. २००२ मध्ये सिॲटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या लोकांनी दाखवलं की प्रवाहाचा ताण आला की फिमएचची पकड आणखी घट्ट होते, म्हणजे विहिरीत बादली सोडताना दोराला मारलेली गाठ कशी, ओढली की आवळते. ताण कमी झाला की पकड ढिली, मग जंतू थोडा पुढे सरकतो आणि दुसरीकडे चिकटतो. मला तर या जंतूचा राग यायच्या ऐवजी कौतुकच वाटतं कधी कधी, पण पेशंटसमोर असं बोलता येत नाही.

नुसता चिकटला असता तरी एक वेळ चाललं असतं, पण हा आत पण शिरतो, आणि दार फोडून नाही. फिमएच चिकटलं की पेशीला आतून सिग्नल जातो, तिचा ॲक्टिन नावाच्या प्रोटीनचा आतला सांगाडा हलतो आणि पेशी स्वतःच जंतूला कवेत घेऊन आत ओढते. असं एका प्रोटीनच्या जोरावर होऊ शकतं हे १९८५ मध्ये स्टॅनफर्डला इसबर्ग आणि फाल्को या शास्त्रज्ञांनी सिद्ध केलं होतं, त्यांनी यर्सिनिया नावाच्या दुसऱ्या जंतूचा इन्व्हेसिनचा जीन काढून लॅबमधल्या साध्या निरुपद्रवी ई. कोलायमध्ये टाकला आणि तो गरीब जंतू लगेच पेशींच्या आत शिरायला लागला! आतड्यातला ईपीईसी म्हणून जो ई. कोलाय आहे तो तर आणखी बेरकी, स्वतःचंच टिर नावाचं प्रोटीन आधी आपल्या पेशीत टोचतो आणि मग त्यालाच धरून बसतो.

आत गेलेल्या जंतूपर्यंत काही ॲंटिबायोटिक्स नीट पोचत नाहीत. उंदरांमध्ये तर दिसलंय की हे जंतू ब्लॅडरच्या पेशीत गठ्ठ्यानं वाढतात, काही खालच्या थरात गपचूप पडून राहतात आणि नंतर परत डोकं वर काढतात. तुमचं वारंवारचं इन्फेक्शन याच्यामुळंच आहे असं मी छातीठोक नाही म्हणणार, कारण बरेचदा आतड्यातूनच नवीन जंतू येतो.

शरीर काही स्वस्थ बसत नाही म्हणा. ब्लॅडर चिकटलेल्या पेशीच सोलून टाकतं, त्या जंतूसकट बाहेर जातात. शिवाय किडनी युरोमोड्युलिन नावाचं प्रोटीन लघवीत सोडते, त्याच्यावर पण मॅनोज असतं, फिमएच फसून त्याला चिकटतं आणि वाहून जातं.

डी-मॅनोजच्या पावडरमागची आयडिया हीच आहे, ऐकायला एकदम पटते. पण २०२४ मध्ये ब्रिटनमधल्या ट्रायलचा रिझल्ट आला, वारंवार इन्फेक्शन होणाऱ्या जवळपास ६०० बायका, रोज २ ग्रॅम, ६ महिने, आणि साध्या साखरेच्या पावडरपेक्षा काही फरक पडला नाही. मी तरी त्यावर पैसे घालवणार नाही. पाण्याचं मात्र वेगळं आहे, २०१८ च्या एका ट्रायलमध्ये कमी पाणी पिणाऱ्या बायकांना रोज दीड लिटर जास्त प्यायला लावलं, तर त्यांना वर्षात सरासरी १.७ इन्फेक्शन झाली, आणि नेहमीसारखंच पिणाऱ्या बायकांना ३.२. पकड घट्ट होते तरी पाण्यानं फायदा होतो, कारण जे अजून चिकटलेच नाहीत ते तर निघून जातात ना. आणि आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्रीत बायका दिवसभर बाहेर असल्या की बाथरूम मिळत नाही म्हणून पाणीच पीत नाहीत, तिथंच घोळ होतो.

ताप, थंडी, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं असं काही झालं तर वाट नका पाहू, काही ई. कोलायकडे पी-पिली पण असतात, त्या किडनीतल्या वेगळ्या साखरेला धरतात आणि मग प्रकरण वरपर्यंत जातं. आणि एक, कल्चरचं सॅम्पल ॲंटिबायोटिक सुरू करायच्या आधी द्या. लोक घरातल्या उरलेल्या दोन गोळ्या खाऊन येतात, प्लेटवर काहीच उगवत नाही आणि मग आम्हालाच विचारतात, रिपोर्ट निल काहून आला.