डबाबंद पदार्थ आणि धान्य सोडून आणीबाणीसाठी वर्षानुवर्षं टिकणारं आणखी काय साठवता येईल?

मध, अंड्याची पावडर, फ्रीझ-ड्राइड फळं-भाज्या आणि हार्डटॅक, म्हणजे नुसतं पीठ, पाणी नि मीठ यांचं खडखडीत भाजलेलं बिस्कीट, एवढं तरी ठेवाच. अन्न नासायला आधी ओलावा लागतो, आणि इथे तोच मिळत नाही. मधात पाणी साधारण १७-१८ टक्केच, शिवाय तो आम्लधर्मी, त्यामुळे जंतूंची डाळ शिजत नाही. बरणीच्या तळाशी दाणेदार थर बसला तर मध फेकू नका. बरणी कोमट पाण्यात ठेवली की पुन्हा पातळ होतो. फ्रीझ-ड्राइंगमध्ये पदार्थ गोठवून त्यातल्या बर्फाची निर्वातात थेट वाफ करतात. म्हणून स्ट्रॉबेरीचा आकार तसाच राहतो, पण हातात घेतली तर थर्माकोलसारखी हलकी! सीलबंद डबा २५ वर्षं टिकेल असं उत्पादक सांगतात. एकदा उघडला की मात्र हवेतला दमटपणा लगेच शोषतो, म्हणून छोटे डबे घ्या. हार्डटॅक दातांनी फोडायला जाऊ नका, सूपमध्ये भिजवा. ऑक्सिजन शोषणाऱ्या पुड्या फक्त अगदी कोरड्या पदार्थांत घाला, साखरेत नको, तिचा दगड होतो.

अडचण एकच: पावडर आणि फ्रीझ-ड्राइड पदार्थांना पाणी लागतं, तेव्हा पिण्याच्या पाण्याव्यतिरिक्त तेवढा साठा वेगळा धरा. आणि घरात वर्षाच्या आतलं बाळ असेल तर त्याला मध अजिबात देऊ नका, बोट्युलिझमचा, म्हणजे जंतूंमुळे होणाऱ्या गंभीर विषबाधेचा धोका असतो.